सुमोचे २०२४ : सहा स्पर्धा, नव्वद दिवस आणि एक कापलेला तारा

व्यावसायिक सुमोच्या वर्षाला सहा मुख्य स्पर्धा होतात आणि प्रत्येक स्पर्धा पंधरा दिवस चालते, त्यामुळे मनावर घेतले तर वर्षातले नव्वद दिवस या एका छंदात सहज जातात. जानेवारी, मे आणि सप्टेंबरच्या स्पर्धा टोकियोतील रयोगोकु भागातल्या कोकुगिकानमध्ये होतात, मार्चची ओसाकात, जुलैची नागोयात आणि नोव्हेंबरची फुकुओकात. नोकरीनिमित्त मी काही वर्षांपासून टोकियोत राहतो. एरवी सुमो म्हणजे संध्याकाळच्या बातम्यांपूर्वी जाता जाता दिसणारी गोष्ट. २०२४ मध्ये मात्र ठरवून सगळे वर्ष पाहिले, चार दिवस तिकीट काढून प्रत्यक्ष आणि उरलेले दिवस जमेल तसे दूरचित्रवाणीवर. त्या वर्षाचे हे परीक्षण आहे. मी पाचांपैकी चार तारे देतो. पाचवा तारा कशामुळे गेला ते मार्चच्या स्पर्धेपाशी येईलच.

ज्यांनी सुमो कधी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन गोष्टी आधी सांगणे भाग आहे. सुमोत वजनगट नाहीत. ११५ किलोचा पैलवान १८० किलोच्या पैलवानासमोर उभा राहतो आणि कधी कधी जिंकतोही. ४.५५ मीटर व्यासाच्या वर्तुळाबाहेर ज्याचा पाय जाईल, किंवा तळपायाखेरीज शरीराचा कोणताही भाग ज्याचा आधी मातीला लागेल, तो हरला. चितपट वगैरे काही लागत नाही, नुसता हात टेकला तरी खेळ संपतो. दुसरी गोष्ट म्हणजे बांझुके, अर्थात क्रमवारीचा तक्ता. सर्वांत वरच्या श्रेणीत ४२ पैलवान असतात आणि पंधरापैकी किमान आठ कुस्त्या जिंकल्या तर पुढच्या तक्त्यात माणूस सहसा वर सरकतो, सात किंवा कमी जिंकल्या तर खाली येतो. अगदी वरच्या योकोझुना या पदावरून मात्र कोणाला खाली आणता येत नाही. झेपेनासे झाले की त्याने निवृत्त व्हायचे असते. हा तक्ता प्रत्येक स्पर्धेपूर्वी एक पंच ब्रशने हाताने लिहितो आणि त्यावरची खालच्या पैलवानांची नावे इतकी बारीक असतात की भिंग हाती घ्यावे लागते.

जानेवारीत मी एका कामाच्या दिवशी रजा टाकून गेलो आणि सकाळी साडेआठच्या सुमारास आत शिरलो. तिकीट घेणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सुचवेन, कारण एकाच तिकिटात सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा सगळा दिवस मिळतो आणि बहुतेक लोक तो अर्धा फुकट घालवून दुपारी तीनला येतात. सुमारे ११,००० माणसे मावणाऱ्या त्या सभागृहात सकाळी शंभरएक लोक असतील. खालच्या श्रेणीतली सतरा-अठरा वर्षांची पोरे एकमेकांवर धडकतात तेव्हा कपाळावर कपाळ आपटल्याचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत स्वच्छ ऐकू येतो. संध्याकाळच्या गर्दीत हा आवाज पार बुडून जातो. खालच्या श्रेणीचे पंचही अनवाणी असतात, झगा गुडघ्यापर्यंत वर खोचलेला. दिवस चढतो तसतसे पंचांचे कपडे भारी होत जातात, आधी मोजे येतात, मग चपला येतात. शेवटच्या कुस्तीचा सर्वोच्च पंच तर कमरेला कट्यार लावून उभा असतो. निर्णय चुकला तर पोट फाडून घेण्याची तयारी असल्याची ती जुनी खूण आहे. त्या पदाला किमुरा शोनोसुके हे वंशपरंपरेसारखे चालत आलेले नाव आहे आणि ते मार्च २०१५ पासून रिकामे होते. याच जानेवारीत ते भरले गेले, त्यामुळे मैदानात जुन्या प्रेक्षकांच्या चेहऱ्यांवर त्या माणसाविषयी एक वेगळेच कौतुक दिसत होते. पैलवानांना सोडून पंचाला नावाने हाक मारणारा प्रेक्षक मी प्रथमच पाहिला.

स्पर्धा जिंकली तेरुनोफुजीने, म्हणजे त्या वेळच्या एकमेव योकोझुनाने. तो आणि कोतोनोवाका दोघेही १३ विजय आणि २ पराभव अशा बरोबरीत राहिले आणि निर्णायक कुस्तीत तेरुनोफुजीने त्याला रेटत वर्तुळाबाहेर नेले. कोतोनोवाकाला बढती मिळून तो ओझेकी झाला, म्हणजे योकोझुनाच्या खालोखालचे पद. हे नाव लक्षात ठेवावे, नोव्हेंबरमध्ये ते दुसऱ्या रूपात परत येते.

मार्चची ओसाकातली स्पर्धा मी घरी बसून पाहिली, आणि वर्षातले सर्वांत मोठे नाट्य नेमके तिथेच घडले. ताकेरुफुजी हा आओमोरी प्रांतातला पैलवान प्रथमच वरच्या श्रेणीत आला होता, जवळजवळ तळाच्या क्रमांकावर. व्यावसायिक सुमोत येऊन त्याच्या जेमतेम दहा स्पर्धा झाल्या होत्या आणि केस इतके आखूड होते की वरच्या श्रेणीतले पैलवान बांधतात तो गिंको झाडाच्या पानासारखा पसरट अंबाडा त्याला बांधताच येत नव्हता. या माणसाने पहिल्या अकरा कुस्त्या ओळीने जिंकल्या. वरच्या श्रेणीतील नवागताने ओळीने अकरा जिंकण्याचा विक्रम १९६० मध्ये ताइहो या थोर योकोझुनाने केला होता, त्याची बरोबरी झाली. त्याच्या पहिल्या धडकेला इतका वेग होता की समोरचा माणूस सरळ होण्याआधीच वर्तुळाच्या कडेपाशी पोहोचलेला असे. एकदा तर मी चहाचा कप खाली ठेवेपर्यंत कुस्ती संपली.

चौदाव्या दिवशी आसानोयामाने त्याला हरवले आणि त्यात त्याचा उजवा घोटा गेला. तो चाकाच्या खुर्चीतून आणि मग रुग्णवाहिकेतून बाहेर पडला. दुसऱ्या दिवशी तो येणार नाही, असेच सगळ्यांनी गृहीत धरले होते. तो आला, घोट्याला जाड पट्ट्या बांधून, चालताना स्पष्ट लंगडत. समोर गोनोयामा होता. धडक झाली, दोघे भिडले आणि दुखऱ्या पायावर भार देत ताकेरुफुजीने त्याला ढकलून पाडले. नवागताने वरच्या श्रेणीची स्पर्धा जिंकण्याची ही १९१४ नंतरची पहिलीच वेळ होती, म्हणजे ११० वर्षांनी. मी घरात एकटाच होतो आणि उठून उभा राहिलो, हे कबूल करतो.

आणि तारा कापला तो याच क्षणासाठी. ताकेरुफुजी मेच्या स्पर्धेत उतरूच शकला नाही. गैरहजेरी ही पराभवासारखीच मोजली जाते, त्यामुळे जुलैत तो दुसऱ्या श्रेणीत घसरला. सप्टेंबरमध्ये ती श्रेणी जिंकून नोव्हेंबरमध्ये तो वर परत आला, ही त्याची हिंमत. पण घोट्याला आणखी मोठी इजा झाली नाही हे निव्वळ नशीब. दुखापतीमुळे विश्रांती घेतलेल्या पैलवानाचा क्रमांक राखून ठेवण्याची सवलत सुमोत १९७२ पासून होती. तिचा फायदा घेणाऱ्यांची संख्या फार वाढली म्हणून ती २००३ च्या अखेरीस बंद करण्यात आली. तेव्हापासून हिशोब सरळ आहे : बसलास तर घसरलास. वरच्या दोन श्रेणींनाच दरमहा पगार असल्यामुळे ही घसरण केवळ मानाची राहत नाही. एन्हो या जेमतेम शंभर किलोच्या, प्रेक्षकांच्या लाडक्या पैलवानाची मे २०२३ मध्ये मान दुखावली, तो वर्षभराहून अधिक काळ बाहेर राहिला आणि २०२४ च्या जुलैत परत आला तेव्हा तो अगदी तळाच्या श्रेणीत, सकाळच्या रिकाम्या सभागृहात, कोवळ्या पोरांसोबत लढत होता. त्याच्या एका कुस्तीसाठी लोक सकाळी नऊ वाजता येऊन बसत असत.

मे महिन्यात माझे वडील टोकियोला आले होते. आम्ही मूळचे कोल्हापूरकडचे आणि अण्णांनी तरुणपणी खासबाग मैदानातल्या कुस्त्या जमिनीवर बसून पाहिलेल्या, त्यामुळे त्यांना कोकुगिकानला नेण्याचा माझा फार दिवसांचा बेत होता. तिकिटांची कथा थोडक्यात सांगतो. अधिकृत विक्री सुरू झाली त्या सकाळी मी बैठकीत अडकलो आणि मग एका पुनर्विक्री करणाऱ्या संकेतस्थळावरून जास्त पैसे मोजून तिकिटे घेतली. प्रत्यक्षात जागा सांगितल्यापेक्षा सात रांगा मागे निघाली आणि तक्रारीला आजतागायत उत्तर नाही. अधिकृत विक्रीच्या दिवशीच तिकीट काढावे आणि ते न मिळाल्यास दुसरा दिवस पाहावा, या मताला मी तेव्हापासून आलो आहे.

जागा होती खालच्या मजल्यावरच्या चौकोनात. लोखंडी दांड्यांनी आखलेला, दीड मीटरही बाजू नसलेला हा चौकोन चार जणांसाठी असतो. चपला-बूट काढून, चार उशांवर मांडी घालून बसायचे. बहुतेक चौकोन अख्खेच विकले जातात. आम्ही दोघेच होतो म्हणून पाय पसरता आले. चार पूर्ण वाढलेली माणसे तिथे आठ तास कशी बसतात हे मला कळलेले नाही. ज्यांचे गुडघे बोलतात त्यांनी वरच्या मजल्यावरच्या खुर्च्या घ्याव्यात. त्या स्वस्त असतात आणि तिथून छतापासून तारांनी टांगलेले देवळासारखे शिखर आणि त्याच्या चार कोपऱ्यांचे हिरवे, लाल, पांढरे, काळे गोंडे यांसकट सगळा देखावा एका नजरेत येतो.

अण्णांचे पहिले मत प्रतिकूल होते. दोन पैलवान येतात, मीठ उधळतात, बसतात, एकमेकांकडे रोखून पाहतात, उठतात, कोपऱ्यात जातात, पुन्हा मीठ उधळतात, आणि वरच्या श्रेणीत हा प्रकार चार मिनिटांपर्यंत चालतो. "चार मिनिटं नुसती बघाबघी आन् कुस्ती दोन सेकंदांची," ते म्हणाले, "आमच्याकडं असं केलं असतं तर लोकांनी फेटे फेकून मारले असते." मी त्यांना सांगितले की इथे उशा फेकतात, पण योकोझुना हरला तर, आनंदाने. पाचच्या सुमारास मात्र ते काही न बोलता पुढे झुकून बसले होते. घरी जाताना त्यांनीच मला समजावून सांगितले की खरी कुस्ती त्या चार मिनिटांतच होते. दर खेपेला खाली बसताना कोणाचा श्वास वर चढला, कोणाची नजर आधी हलली, ते पाहत राहिले की निकालाचा अंदाज येतो. त्यांचे दहापैकी सात अंदाज बरोबर आले, असा त्यांचा दावा आहे. मी मोजले नव्हते. आखाड्याच्या मातीची चौकशीही त्यांनी केली. इथला आखाडा प्रत्येक स्पर्धेसाठी नव्याने रचला जातो, त्याच्या मध्यभागी मीठ, तांदूळ, चेस्टनट, समुद्रशेवाळ, सुकवलेला माकूळ असा नैवेद्य पुरला जातो. माती ताक-लिंबू घालून मऊ करत नाहीत, उलट ती ठोकून सिमेंटसारखी घट्ट करतात, आणि असा तो फूट-दोन फूट उंच चौथरा असतो. त्यावरून दीडशे किलोचा माणूस खाली कोसळतो तेव्हा काय होते हे आमच्या समोरच्या रांगांनी पाहिले. "कडेला गादी का नाही?" हा अण्णांचा प्रश्न मला अजून कोणाला विचारता आलेला नाही.

ते मुख्यतः योकोझुना पाहायला आले होते आणि योकोझुना नव्हता. तेरुनोफुजी पहिल्या दिवशी ओनोसातोकडून हरला आणि दुसऱ्याच दिवशी त्याने माघार घेतली. त्याच दिवशी ओझेकी ताकाकेइशोनेही घेतली. वर्षाचा हिशोब मांडला तर हे फार बोलके आहे. एकमेव योकोझुना सहांपैकी दोनच स्पर्धा पूर्ण लढला, जानेवारी आणि जुलै, आणि दोन्ही जिंकला. मार्च आणि मे त्याने अर्धवट सोडल्या, सप्टेंबर आणि नोव्हेंबरमध्ये तो उतरलाच नाही. ज्या माणसाच्या नावावर तिकिटे खपतात तो वर्षातून दोनदाच संपूर्ण पाहायला मिळत असेल, तर ग्राहक म्हणून कुरकूर करणे रास्त आहे. पण गुडघ्यांच्या दुखण्याने आणि मधुमेहाने एकदा खालून दुसऱ्या श्रेणीपर्यंत घसरून, २०२१ मध्ये योकोझुना झालेल्या माणसाविरुद्ध ती कुरकूर तोंडातून निघत नाही. परतीच्या गाडीत मी अण्णांना मार्चमधल्या त्या घोट्याची चित्रफीत दाखवली. त्यांनी ती दोनदा पाहिली. शाबासकी देतील अशी माझी अपेक्षा होती. ते एवढेच म्हणाले, "पोरगं मर्द आहे. पण त्याचा वस्ताद कुठं होता?"

मेची स्पर्धा ओनोसातोने १२ विजयांनी जिंकली. इशिकावा प्रांतातल्या या १९२ सेंटिमीटर उंचीच्या पैलवानाची व्यावसायिक सुमोतली ती अवघी सातवी स्पर्धा होती आणि इतक्या लवकर पहिले विजेतेपद याआधी कोणी मिळवलेले नव्हते. त्याच्या प्रांतात १ जानेवारीला नोतो द्वीपकल्पाचा भूकंप झाला होता, त्यामुळे त्याच्या प्रत्येक विजयाला तिथल्या सार्वजनिक सभागृहांत जमलेल्या लोकांचा आनंद दूरचित्रवाणीवर आवर्जून दाखवला जाई. सप्टेंबरमध्ये त्याने १३ विजयांसह दुसरे विजेतेपद चौदाव्या दिवशीच खिशात टाकले आणि तो ओझेकी झाला. तो पसरट अंबाडा बांधण्याइतके केस मात्र त्याचेही तोवर वाढलेले नव्हते. त्याच स्पर्धेदरम्यान ताकाकेइशो मानेच्या दुखण्याने वयाच्या २८व्या वर्षी निवृत्त झाला. एका बातमीपत्रात या दोन्ही बातम्या पाठोपाठ आल्या.

जुलैविषयी फार लिहिण्याजोगे नाही, उकाडा सोडून. नागोयाच्या किल्ल्याच्या आवारातल्या जुन्या क्रीडागारातली ही शेवटची स्पर्धा होती; २०२५ मध्ये ती नव्या इमारतीत गेली. मी आठवड्याच्या मधल्या एका दिवशी गेलो, हातपंख्याने वारा घालत घरी आलो. तेरुनोफुजी निर्णायक कुस्तीत ताकानोशोला हरवून दहाव्यांदा विजेता झाला.

नोव्हेंबरमध्ये मात्र फुकुओकाची स्पर्धा तांत्रिकदृष्ट्या वर्षातली सर्वोत्तम ठरली. शेवटच्या दिवशी दोन ओझेकी, कोतोझाकुरा आणि होशोर्यू, प्रत्येकी १३ विजय आणि १ पराभव घेऊन एकमेकांसमोर आले, शेवटची कुस्ती तीच आणि अंतिम सामनाही तोच, असा योग जुळून आला. कोतोझाकुरा म्हणजे जानेवारीचा कोतोनोवाका. ओझेकी झाल्यावर आजोबांचे नाव लावीन असे त्याने ठरवले होते आणि मेपासून तो त्या नावाने लढू लागला; आजोबा ५३वे योकोझुना होते आणि वडील त्याच तालमीचे प्रमुख आहेत. होशोर्यू हा मंगोलियाचा, माजी योकोझुना आसाशोर्यूचा पुतण्या. घराण्यांची कुस्ती पाहायची सवय असलेल्या माणसाला यापेक्षा जास्त काय हवे? होशोर्यू डाव टाकायच्या प्रयत्नात तोल जाऊन पुढे पडला आणि कोतोझाकुराला १४ विजयांसह पहिले विजेतेपद मिळाले.

खाण्याविषयी दोन वाक्ये लिहिली नाहीत तर हे परीक्षण अपुरे राहील. कोकुगिकानच्या तळघरात भाजली जाणारी, सळईला टोचलेली कोंबडी डब्यात भरून विकली जाते आणि ती थंडच खायची असते. थंड असूनही चव टिकावी अशाच रीतीने तिला मुरवलेले असते. पैलवानांच्या तालमीतला चांको, म्हणजे भाज्या, मांस, टोफू एकत्र उकळलेला रस्सा, स्पर्धेच्या दिवसांत तिथेच वाटीने मिळतो. शाकाहारी माणसाने डबा घरून न्यावा; अण्णांनी गुरुवार पाळून चपाती-भाजी खाल्ली आणि शेजारच्या आजींनी त्यातली अर्धी चपाती मागून घेतली.

एक खटकणारी बाब सांगायलाच हवी. स्त्रियांना आखाड्याच्या चौथऱ्यावर चढू दिले जात नाही. २०१८ मध्ये माइझुरु शहरात प्रदर्शनाच्या वेळी महापौर चौथऱ्यावर कोसळले, मदतीला धावलेल्या स्त्रियांना ध्वनिक्षेपकावरून खाली उतरण्यास सांगण्यात आले. त्याबद्दल नंतर संघटनेने माफी मागितली, नियम मात्र तसाच आहे. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्याचा वाद ज्यांना आठवतो त्यांना यातले युक्तिवाद ऐकताना फारसे काही नवीन वाटणार नाही.

भारतातून पाहू इच्छिणाऱ्यांसाठी वेळ सोयीची आहे. वरच्या श्रेणीच्या कुस्त्या जपानी वेळेने सहाच्या आत संपतात, म्हणजे आपल्याकडे दुपारचे अडीच. एनएचके वर्ल्ड या जपानी वाहिनीवर रोजचा सुमारे २५ मिनिटांचा इंग्रजी सारांश असतो. तो उत्तम आहे, फक्त त्यात ती चार मिनिटे कापलेली असतात आणि अण्णांच्या हिशोबाने मग त्यात कुस्तीच उरत नाही. म्हणून ज्या दिवशी थेट प्रक्षेपण असेल त्या दिवशी ते पाहावे.

जानेवारीच्या स्पर्धेची तिकिटे मी या खेपेला विक्री उघडल्यावर दहा मिनिटांत काढली, चौथ्या दिवसाची, वरच्या मजल्यावरच्या दोन खुर्च्या. अण्णा पुन्हा येत आहेत. त्यांनी दूरध्वनीवर दोनच गोष्टी विचारल्या : सकाळी किती वाजता निघायचे, आणि त्या आओमोरीच्या पोराचा घोटा आता कसा आहे.